दाबा, धरा, सोडू नका

गेला रविवार ब्रेकने खाल्ला. माझे साडू चिपळूणचे. ‘आमरस केलाय, या’ एवढंच ते फोनवर म्हणाले. अंगणात पोचतो तर पिकअपची चारही चाकं काढलेली.

हा पिकअप त्यांच्या वडिलांनी आंब्याच्या पेट्या वाहायला घेतलेला, जीपच्या तोंडाचा. त्या काळच्या गाड्यांसारखे चारही चाकांना ड्रम. कुंभार्ली घाट उतरताना ड्रम तापून फुगतात, लायनरपासून लांब सरतात आणि पायडल खाली खाली जातं. शिवाय मास्टर सिलिंडर एकाच खान्याचा. एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. अमेरिकेने नव्या मोटारींना दुहेरी ब्रेक १९६८ मध्येच सक्तीचे केले. साडूंकडे ती सुधारणा या रविवारी पोचली. पुढे डिस्क, दोन खान्यांचा मास्टर सिलिंडर, वर बूस्टर. डिझेल इंजिन बूस्टरला व्हॅक्यूम देत नाही, म्हणून मागे पंप असलेला अल्टरनेटरही आला.

राहिली होती ती एअर काढायची. त्यासाठी पायडलवर एक माणूस लागतो, आणि रिकामा पाय माझाच होता.

“दाबा,” गाडीखालून मिस्तरी. दाबलं. “धरा.” धरलं. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, कारण ते सगळ्यात लांब. निपल उघडला की नळीतून बुडबुडे बाटलीत येतात. तो बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत, म्हणजे पहिल्यापासून. मी दोनदा उचलला. एकदा डास होता, एकदा आमरसाचा वास.

“साहेब, लक्ष कुठंय?”

हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकतोय. वडील फ्यूज बांधायचे तेव्हा बॅटरी धरायला मी. “उजेड माझ्या हातावर नको, तारेवर पाड!” तारेवर पाडला की त्यांच्याच हाताची सावली पडायची आणि सावलीबद्दलही मीच ऐकायचो. स्टूल धर, शिडी धर, पतंगाची फिरकी धर. पतंग काटला तर उडवणाऱ्याचं कसब, कटला तर फिरकीवाल्याने ढील दिली नाही. दुरुस्ती करणाऱ्याला चहा मिळतो, धरणाऱ्याला बोलणी. आमच्या आळीत शिडी धरणाऱ्याची कधी कुणी विचारपूस केल्याचं मला आठवत नाही. पडलेल्याच्या घरी मात्र मोसंबी जायची.

तीनच्या सुमारास चारही चाकं झाली. “चला, चक्कर मारू. जाता जाता काकूंकडे रस देऊ,” म्हणत साडूंनी मला शेजारी बसवलं आणि डबा मांडीवर दिला. कोपऱ्यावर म्हैस आडवी आली. जुन्या सवयीने साडू पायडल तीनदा हाणायच्या तयारीत; पहिल्यालाच गाडी जागच्या जागी खिळली. म्हशीने बघितलंसुद्धा नाही. रस डॅशबोर्डवर, काचेवर, माझ्या चष्म्यावर.

घरी परतलो तर मेहुणी दारात.

“भावोजी, डबा धरायला दिला होता ना तुमच्याकडे?”