श्वास मोजून द्यावा

एक नवा फुगा फुगवून पाहा. पहिली फुंकर सर्वांत जड जाते. आता हवा पूर्ण न सोडता थोडी आत ठेवा आणि पुन्हा फुंका. श्रम वाचले की नाही? शस्त्रक्रियेच्या वेळी यंत्राने श्वास देणाऱ्या भूलतज्ज्ञाला बऱ्याच अंशी हीच गोष्ट सांभाळावी लागते.

एरवी आपण हवा ओढतो. श्वासपटल खाली सरकते, छातीतील दाब किंचित घटतो आणि बाहेरची हवा आत येते. स्नायू शिथिल करणारे औषध दिले की ही ओढ थांबते. मग यंत्र हवा आत ढकलते. उताण्या रोग्याचे श्वासपटल वर सरकते आणि पाठीकडचे काही वायुकोश मिटतात. शस्त्रक्रियेनंतरही ते मिटलेले राहिले तर प्राणवायू कमी पडतो, न्यूमोनियाची भीती वाढते.

पूर्वी यावर उपाय म्हणजे मोठा श्वास! दर किलोमागे १० ते १५ मिलिलिटर हवा देत. पण हवा काही समजूतदार नसते; जिथे विरोध कमी तिथे ती जाते. उघडे वायुकोशच अधिक ताणले जातात आणि दुखावतात. फ्रान्समध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ४०० रोग्यांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना १० ते १२ मिलिलिटरचे श्वास दिले. उरलेल्यांना ६ ते ८ मिलिलिटरचे श्वास दिले, उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात थोडा दाब राखला आणि मधूनमधून फुप्फुस मुद्दाम उघडले. आठवड्याभरात गंभीर गुंतागुंत झाली ती पहिल्या गटात २७.५ टक्के, तर दुसऱ्यात १०.५ टक्के रोग्यांना. मग राखलेला दाब आणखी वाढवावा का? २०१४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात तो पाण्याच्या १२ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका ठेवला. फुप्फुसांचे विकार घटले नाहीत, उलट रक्तदाब अधिक वेळा उतरला.

शिक्षकांना माझी एक तक्रारवजा विनंती आहे. श्वसन जीवशास्त्राच्या तासाला आणि दाब पदार्थविज्ञानाच्या तासाला, अशी वाटणी आपण का करतो? टाक्या आणि तोट्यांची तीच ती गणिते घालण्यापेक्षा हे घाला : दोन पुरुष, दोघांचीही उंची १६५ सेंटिमीटर, एकाचे वजन ६० किलो, दुसऱ्याचे ९५. कोणाला किती हवा द्यावी? चरबी वाढली म्हणून फुप्फुस वाढत नाही, म्हणून हिशेब उंचीवरून होतो. पुरुषासाठी १५२.४ सेंटिमीटरला ५० किलो, पुढे दर सेंटिमीटरला ०.९१ किलो. दोघांचेही हिशेबी वजन येते ६१.५ किलो. दर किलोमागे ७ मिलिलिटर धरले तर एका श्वासाला सुमारे ४३० मिलिलिटर. तराजूवरच्या वजनावर विसंबलो असतो तर दुसऱ्याच्या तेवढ्याच फुप्फुसात प्रत्येक श्वासाला ६६५ मिलिलिटर कोंबले असते, आणि मिनिटाला असे बारा-पंधरा श्वास, तासन् तास.