मजुरी हीसुद्धा अमानत आहे

दिवाळी सरली की गगनबावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. असळजच्या कारखान्याकडे ऊस जाऊ लागतो, गुऱ्हाळे पेटतात. याच दिवसांत आमच्या कानावर एक तक्रार हमखास येते. शिक्षण अर्धवट सुटलेला, हाताशी दुकान-गाळा नसलेला आपला एखादा तरुण गुऱ्हाळावर किंवा ट्रॅक्टरवर कामाला लागतो, उचल घेतो आणि ऐन हंगामात न सांगता चार दिवस घरी बसतो. पुढच्या वर्षी मालक त्याला बोलावत नाही. इतकेच नव्हे, त्याच्या मोहल्ल्यातील दुसऱ्यालाही बोलावत नाही. मग आपण म्हणतो, आपल्या मुलांना कोणी काम देत नाही. काही ठिकाणी हे खरे असते, ते आम्ही नाकारत नाही. परंतु प्रत्येक वेळी नसते.

दुकान तासभर उशिरा उघडले तर दोन गिऱ्हाईके परत जातील. शेतीत तो तास भरून निघत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते आणि साखरही. कोयता जमिनीलगत चालला नाही तर उसाचा सर्वात गोड बुडखा रानातच राहतो. गुऱ्हाळावर तर मिनिटांचा हिशेब! पाक तयार झाला की गुळव्याच्या हाकेसरशी काहील उतरवावी लागते. चुलवाणापुढचा गडी त्या वेळी बिडी ओढायला गेला असेल तर गूळ करपतो, काळा पडतो आणि कोल्हापूरच्या सौद्यात दर कोसळतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव अशा गड्यांच्या हातावरच टिकून आहे.

आपल्या मिस्त्री बांधवांचेही तेच. गगनबावडा हा मुसळधार पावसाचा तालुका. जुलैत चिखल करताना पॉवर टिलर बंद पडतो, मिस्त्री फोनवर "आत्ता निघालो" म्हणतो आणि उगवतो दुपारी. तोवर बांधावर दहा बायका रोपाच्या पेंढ्या घेऊन भिजत उभ्या असतात. त्यांचा रोज मालकाच्या अंगावर पडतो.

शेतावर राबणे कमीपणाचे मानणारेही आपल्यात आहेत. त्यांनी सूरह कसस पुन्हा वाचावी. हजरत मूसा (अ.स.) मदयनमध्ये परक्याच्या घरी जनावरे राखण्याच्या कामावर राहिले. त्यांना ठेवून घ्या, असे मुलीने वडिलांना सुचविले तेव्हा तिने दोनच गुण सांगितले: अंगात ताकद आणि विश्वासूपणा. आठ वर्षांची बोली आधीच ठरली, दहा पूर्ण करणे त्यांच्या खुशीवर ठेवले. आपल्या तरुणांत ताकद आहे, यंत्राची जाणही आहे. उणीव पडते ती दुसऱ्या गुणाची.

जुम्याच्या नमाजचेही असेच. कामावर लागतानाच सांगितले तर बहुतेक मालक दीड तास सोडतात. मात्र त्या निमित्ताने अर्धा दिवस गायब होणे, ही नमाजचीच बदनामी आहे.

अर्थात मालकाचे ऐकणे म्हणजे सर्वच ऐकणे नव्हे. गुळात साखर मिसळ, असे मालक म्हणाला तर गड्याने सरळ नाही म्हणावे, मग रोज बुडाला तरी चालेल.

आमच्या वाचकांत ट्रॅक्टरवाले आहेत, आडतीच्या धंद्यातलेही आहेत. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) ताकीद त्यांच्यासाठीच आहे. उचल तोंडी द्यायची आणि हंगाम संपल्यावर मनाला येईल ते कापायचे, हा रिवाज आपल्याही लोकांत आहे. असा मालक गड्याकडून कोणत्या तोंडाने इमान मागणार?

आमची सूचना साधी आहे. उचल, रोज आणि सुट्टी एका वहीत लिहावी, जमातीतील एका वडीलधाऱ्यासमोर दोघांनी सही करावी. आणि ज्या मिस्त्रीला यायला जमणार नाही, त्याने सकाळी सातच्या आत तसे सांगावे. मालक दुसरा टिलर बघेल, बांधावरच्या बायकांचा दिवस वाचेल.