करुप्पूरच्या कापडाला तंजावरात दालन द्या

प्रति,
संचालक, दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, तंजावर
आणि तंजावर राजवाड्यातील कलादालनाचे व्यवस्थापक



बाउहाउस या जर्मन कलाशाळेत विणकाम शिकलेल्या अ‍ॅनी अल्बर्स यांनी १९६५ साली विणकामावरचा आपला ग्रंथ प्राचीन पेरूच्या विणकरांना गुरू मानून अर्पण केला. अँडीजमधल्या त्या कापडांवरचे चौकोन आणि पायऱ्यांची नक्षी पाहून विसाव्या शतकातले कितीतरी अमूर्त कलावंत घडले. वस्त्रकलावंत शीला हिक्स येल विद्यापीठात त्याच कापडांच्या नादी लागल्या आणि १९६०च्या दशकात कालिकतच्या मागांवर काम करायला आल्या.

असे गुरू आपल्या कावेरीच्या खोऱ्यातही होते. कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर गावात तंजावरच्या भोसले घराण्यासाठी साड्या विणल्या जात. विणतानाच नक्षीच्या जागी जर भरायची, मग मेणाने रेषा झाकून कापड रंगात बुडवायचे. मेणाखालची रेष कोरी राहते, सूत गर्द लाल होते आणि त्या लालीतून जर मंद चमकते. साडीभर शंकरपाळ्यांची जाळी असते. दुरून पाहिले तर नक्षीपेक्षा रंगाचे थरथरणेच आधी जाणवते. मला तरी ही अव्वल दर्जाची अमूर्त कला वाटते. अमूर्त कला पश्चिमेकडून आली असे आपले विद्यार्थी अजून शिकतात, याचे वाईट वाटते.

१८५५ साली तंजावरचे दुसरे शिवाजीराजे वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि राजाश्रय संपला. पुढे या साड्याच थांबल्या. आज त्या पाहायच्या तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसारखी संग्रहालये गाठावी लागतात. करुप्पूरची कलमकारी मात्र जिवंत आहे. देवळांसाठी तोंबै (नळीसारखी लोंबती कापडे) आणि छत रंगवणारी घराणी आहेत, २०२१ साली या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

म्हणून मागणी अशी: राजवाड्यात करुप्पूरच्या कापडाचे कायमचे दालन करा. बाहेरच्या संग्रहालयांतली वस्त्रे काही महिने उसनी आणा, शेजारी आजच्या चित्रकारांचे काम लावा. पाट्या तमिळ, मराठी आणि इंग्रजीत असू द्या. कलमकारी कारागिरांना प्रात्यक्षिकाच्या मांडवात बसवू नका. शिक्षक म्हणून नेमा, शिक्षकाचे मानधन द्या आणि मुंबईच्या जे. जे.पासून चेन्नईपर्यंतच्या कलाविद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली पाठवा.

आपला,
तंजावरच्या वस्त्रकलेचा एक मराठी अभ्यासक