जलपर्णीला कशाला दोष देता?

दर पावसाळ्यात एक बातमी ठरलेली असते: पवई तलाव भरून वाहू लागला. सोबत तेच आकडे. १८९० मध्ये बांधकाम पूर्ण, खर्च सुमारे १२.५९ लाख रुपये, क्षमता ५४५ कोटी लीटर. आणि शेवटी एक वाक्य, जे सहसा कुणी वाचत नाही: हे पाणी पिण्यायोग्य नसल्याने फक्त औद्योगिक कामांसाठी वापरलं जातं. आपण सांडव्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवतो आणि मोकळे होतो.

पिण्यासाठी हा तलाव फार पूर्वीच बाद ठरला, त्याचं खापर आपल्या पिढीवर फोडता येणार नाही. पण आज त्यात जे चाललंय, ते आपलंच आहे.

पाऊस ओसरला की जलपर्णी दिसू लागते. हिवाळ्यात तिची जांभळी फुलं छान दिसतात, त्यांचेही फोटो निघतात. उन्हाळ्यापर्यंत काठाकाठाने हिरवी चादर पसरते, डास वाढतात, वास येतो. मग तक्रारी, मग यंत्रं, मग ट्रक भरभरून जलपर्णी बाहेर. पुन्हा पाऊस. हे चक्र इतकं पाठ झालंय की आपण त्यालाच तलावाची देखभाल समजू लागलो आहोत.

माझं म्हणणं साधं आहे. जलपर्णी हा आजार नाही, ताप आहे. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, पण इथे पोसली जाते ती आपल्या मोरीतून आणि संडासातून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. पोषक पाणी आणि ऊन मिळालं तर जेमतेम दोन आठवड्यांत ती दुप्पट होऊ शकते. तिची चादर पाण्यात उजेड जाऊ देत नाही. ती कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो, उरलेलं गाळ होऊन तळाशी बसतं. म्हणजे नुसती काढत राहणं म्हणजे नळ उघडा ठेवून लादी पुसणं. लादी पुसायला हवीच. पण नळ?

नळाची गोष्ट निघाली की लगेच बोट झोपडपट्टीकडे जातं. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही गेलं. मी एवढंच विचारलं, ‘काका, आपल्या एसटीपीचं पाणी नक्की जातं कुठे?’ क्षणभर शांतता. मग कळलं की वीजबिल वाचवायला तो रोज काही तास बंद असतो. त्या काही तासांत जे खाली जातं, त्याची नोंद कुणाकडेच नव्हती. पुढचा विषय होता लॉबीतल्या टाइल्सचा. त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली.

ज्या वस्तीला मलवाहिनीच दिलेली नाही, तिला नाल्याशिवाय पर्याय नसतो. तिथे वाहिनी पोहोचवणं हे पालिकेचं काम आहे आणि ते मागायलाच हवं. पण वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण परवानगी घ्यावी लागते, आणि अशा गृहसंकुलांना सांडपाणी शुद्ध करण्याची अट घातली जाते. ती अट पाळायला कुणाची गरिबी आड येते? ‘लेक व्ह्यू’साठी आपण चौरस फुटामागे जास्त पैसे मोजले. तलावासाठी काय मोजलं?

मग येतं सुशोभीकरण. तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता, आठवतं? ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. मी स्वतः सायकल चालवतो, तरी मला त्या निकालाचा आनंद झाला. काठाचा दलदलीचा पट्टा ही वाया गेलेली जागा नव्हे. मगरी तिथे ऊन खातात, पक्षी तिथे चरतात, आणि नाल्यातून आलेला गाळ थोडाफार तिथेच अडतो. तलावाचं मूत्रपिंड काढून त्या जागी दिवे लावायचे, याला देखभाल म्हणत नाहीत.

हे अशक्य आहे असंही नाही. बंगळुरूच्या जक्कूर तलावात शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आधी पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून फिरतं आणि मगच तलावात येतं. तिथेही कुरबुरी आहेत, पण क्रम बरोबर आहे. पवईसाठीही सांडपाणी वळवण्याच्या आणि शुद्ध करण्याच्या योजना जाहीर झाल्या आहेत. जाहीर होणं आणि नाल्याचं तोंड प्रत्यक्ष बंद होणं यांत किती पावसाळे जातात, हे मुंबईकरांना सांगायला नको.

म्हणून वेळापत्रक उलटं करूया. जलपर्णीची तक्रार मे महिन्यात नको. पावसाचं पाणी ओसरलं की, दिवाळीच्या आसपास, कोरड्या दिवशी नाल्यांच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. पाऊस नसतानाही जे वाहतंय, ते पावसाचं नाही. त्याचा फोटो काढा, तारीख-ठिकाण टाकून वॉर्ड ऑफिसला तक्रार करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. आणि आपापल्या सोसायटीच्या सभेत तो अवघड प्रश्न विचारा.

पवईतून वाहून गेलेलं पाणी मिठीत जातं आणि मिठी शहराच्या पोटातून समुद्राला मिळते. आपण फ्लश केलं की विषय संपला, असं वाटतं. तो तिथून सुरू होतो. आमच्या सोसायटीत आता एसटीपी किती तास चालला, याची वही ठेवतात. त्यासाठी तीन सभा भांडावं लागलं, आणि काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.