नारळ फोडायला पन्नास, व्हॉल्व्ह फिरवायला एक

पोस्ट मोठी आहे आणि विषय आडवाटेचा. तरी ज्यांची मुलं इंजिनिअरिंगला किंवा पॉलिटेक्निकला आहेत त्यांनी, आणि तिथं शिकवणाऱ्यांनी, शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

नळपाणी योजना कुठल्याही गावची घ्या. टाकी बांधली की कोनशिला, फेटे, नारळ, आमच्याकडे फोटोसकट बातमी. पुढची वीस वर्षं मात्र ती योजना एका माणसाच्या जिवावर चालते. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कुठल्या गल्लीखाली जुनी पाइपलाइन आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. तो आजारी पडला की गावाला कळतं की असा एक माणूस होता.

सॉफ्टवेअरमध्येही अगदी हेच आहे. त्याचं एक टोकाचं उदाहरण गेले काही महिने माझ्या डोक्यात बसलंय. मी प्रोग्रामर नाही, बातमीदार आहे. पण हा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, आणि ज्यांना कळतं त्यांना विचारत विचारत मी तो वाचला.

लिस्प ही फार जुनी प्रोग्रामिंग भाषा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत तिची सुरुवात केली. तिच्या आजच्या रूपाला कॉमन लिस्प म्हणतात, आणि त्याचा एक फुकट, खुला कंपायलर आहे एसबीसीएल. पूर्ण नाव स्टील बँक कॉमन लिस्प. नावात गंमत आहे. तो कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जुन्या सीएमयूसीएल या कंपायलरमधून १९९९ मध्ये विल्यम न्यूमन यांनी वेगळा काढला. कार्नेगींचा पैसा पोलादाचा आणि मेलन यांचा बँकेचा, म्हणून स्टील बँक.

ही भाषा मेली असं कॉलेजात सांगतात. मेलेली नाही. आयटीए सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने विमान तिकिटांचे दर शोधणारं इंजिन कॉमन लिस्पमध्ये लिहिलं. २०१० मध्ये गूगलने ती कंपनी ७० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी घेतलीसुद्धा. एसबीसीएलच्या कामात आज गूगलमधल्या अभियंत्यांचाही हात आहे. एसीएल२ नावाचं गणिती सिद्धता तपासणारं साधन लिस्पवर चालतं. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार चुकतो हे उघड झालं, कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर एएमडीने आपल्या के५ चिपचा भागाकार बरोबर येतो हे याच एसीएल२ने सिद्ध करून घेतलं. म्हणजे चिपचं गणित तपासणारं साधन लिस्पवर उभं, आणि लिस्प उभं कशावर? मुद्दा इथं सुरू होतो.

एसबीसीएल जवळपास सगळा लिस्पमध्येच लिहिलेला आहे. पण तळाशी सी भाषेतला एक छोटा रनटाइम आहे. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरी मागून घेतो, लिस्पचा साठवलेला सगळा संसार उचलून त्यात मांडतो आणि कारभार लिस्पच्या हाती देतो. हे हाती देणं ना सीमध्ये लिहिता येतं ना लिस्पमध्ये. दोघांचे रिवाज वेगळे. त्या उंबऱ्यावर असेंब्ली लागते, म्हणजे चिपला थेट एकेक हुकूम, हाताने लिहिलेला.

रिवाज वेगळे म्हणजे किती वेगळे? नेहमीच्या ६४ बिटी चिपवर, लिनक्सवर, सी भाषा फंक्शनला द्यायच्या पहिल्या तीन गोष्टी आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स या रजिस्टरांत या क्रमाने ठेवते. लिस्प वापरतं हीच तीन, पण क्रम आरडीएक्स, आरडीआय, आरएसआय. शिवाय एकूण किती गोष्टी दिल्या तो आकडा आरसीएक्समध्ये ठेवायचा, तोही दुप्पट करून. कारण लिस्पमध्ये पूर्णांकाचा शेवटचा बिट खूण म्हणून राखून ठेवलेला असतो. तीन सांगायचे तर सहा ठेवायचे.

परत येताना आणखी मजा. लिस्पचं फंक्शन एकाऐवजी अनेक उत्तरं देऊ शकतं. एक दिलं की अनेक, हे कळणार कसं? चिपमधल्या कॅरी फ्लॅगवरून. बेरीज करताना हातचा आला की जो बिट लागतो, तोच हा. फ्लॅग खाली असेल तर उत्तर एक, वर असेल तर अनेक. असेंब्लीने परतल्या परतल्या तो बघायचा आणि स्टॅक जागेवर आणायचा. हातच्याचा हा असा उपयोग कुणाला सुचला असेल, त्याला नमस्कार.

हेच विंडोजवर न्या. चिप तीच, पण रिवाज पुन्हा वेगळे. लिनक्सवर जी रजिस्टरं विस्कटली तरी सी भाषेची हरकत नसते, त्यातली आरडीआय, आरएसआय विंडोजवर जशीच्या तशी परत द्यावी लागतात. दशांश आकड्यांच्या रजिस्टरांतलीही दहा. एक जरी विसरलं तर काय होतं? प्रोग्राम लगेच कोसळला तर नशीब. बहुतेक वेळा कोसळत नाही.

मेमरी मागायची वाट बघा. लिस्पचा प्रोग्राम सतत थोडी थोडी जागा मागत असतो. बहुतेक वेळा ती हातातल्या तुकड्यातून मिळते. तुकडा संपला की असेंब्लीतला एक लहानसा टप्पा लागतो. त्याने सगळी रजिस्टरं जपून ठेवायची, सीला हाक मारून नवा तुकडा आणायचा आणि सगळं होतं तसं मांडायचं. समजा जपून ठेवताना एक दशांशाचं रजिस्टर राहिलं. मग प्रोग्राम चालतो, दिवसभर चालतो, फक्त हजारात एखाद्या वेळी, तुकडा नेमका त्या क्षणी संपला तर, एक उत्तर चुकीचं येतं. पुन्हा चालवलं की बरोबर. अशी चूक शोधणं म्हणजे रात्री थेंब थेंब गळणारी पाइपलाइन दिवसा शोधणं.

"चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" हे वाक्य सरकारी कचेरीत ऐकतो तसंच सॉफ्टवेअरच्या कंपन्यांतही ऐकू येतं. मला ते पटत नाही. कोडची एक ओळ बदलली नाही तरी तो जुना होतो, कारण भोवतालचं जग हलतं. चिपमध्ये पुढे एव्हीएक्स आलं, १२८ बिटांची रजिस्टरं २५६ बिटांची झाली. जुना कोड इमाने इतबारे अर्धंच रजिस्टर जपून ठेवत राहिला तर उरलेलं अर्धं वाऱ्यावर. २०२० च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले. तिथं एक्स१८ हे रजिस्टर कंपनीने स्वतःसाठी राखलेलं, आणि मेमरीचा एकच तुकडा एकाच वेळी लिहिण्यासाठी आणि चालवण्यासाठी मिळत नाही. लिस्पचा तर धंदाच चालता चालता नवा मशीन कोड लिहून लगेच चालवण्याचा. त्यामुळे नुसता कोड उचलून तिथं नेला आणि झालं, असं होत नाही.

सगळ्यात बारीक गोष्ट लिनक्सवरची आहे. असेंब्लीच्या फाइलच्या तळाशी एक चिठ्ठी लावायची असते: या कोडला स्टॅकवर कोड चालवायची गरज नाही. सीचा कंपायलर ती आपोआप लावतो. हाताने लिहिलेल्या फाइलला माणसाने लावायची. नाही लावली तर लिंकर समजतो की गरज आहे, आणि अख्ख्या प्रोग्रामचं एक दार घुसखोरासाठी उघडं राहतं. कित्येक वर्षं हे गुपचूप व्हायचं. २०२२ मध्ये आलेल्या बिनयुटिल्स २.३९ पासून लिंकर निदान इशारा देतो. एसबीसीएलच्या असेंब्ली फाइलींत ती चिठ्ठी आहे. एका ओळीची चिठ्ठी, आणि त्या ओळीसाठी कुणाचा सत्कार झालेला नाही.

आणि ही माणसं नुसती ठिगळं लावत बसलेली नाहीत, हे मला जास्त आवडलं. मूळ सीएमयूसीएलमध्ये चालू असलेल्या लिस्पलाच आतून दुरुस्त करत करत पुढची आवृत्ती घडायची. विमान उडत असताना इंजिन बदलण्यासारखं. न्यूमन यांनी वेगळी चूल मांडली ती हे थांबवायला. कुठल्याही धडक्या कॉमन लिस्पने एसबीसीएल मुळापासून बांधता आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. नवं काही देणं दूरच, सुरुवातीला त्यांनी बऱ्याच सोयी काढूनच टाकल्या. पुढच्या लोकांनी असेंब्लीच्या फाइलींतले तुकडे जमेल तसे लिस्पच्या स्वतःच्या असेंब्लरकडे वळवले, कारण कुठल्या गोष्टीची मेमरीत मांडणी कशी आहे हे लिस्पला आधीच माहीत असतं. जे सीमध्ये आणि असेंब्लीत राहिलं त्याला लागणारे आकडे बांधणी होताना आपोआप तयार होतात, म्हणजे एकच आकडा दोन ठिकाणी लिहून एक जुना राहायची भानगड नाही. आल्फा चिप बाजारातून गेली, तिचा कोडही काढला. काढणं हीसुद्धा देखभाल आहे हो. आपल्याकडे मात्र निर्लेखन म्हटलं की फाइल हलत नाही.

आता आपल्याकडे येतो.

महाराष्ट्रात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणारी मुलं मायक्रोप्रोसेसर विषयात ८०८६ची असेंब्ली शिकतात. दोन संख्यांची बेरीज, यादीतली मोठी संख्या, अक्षरं उलटी करणं. जर्नलमध्ये उतरवायचं, सही घ्यायची, विसरायचं. आजच्या ६४ बिटी चिपमधली आरएएक्स, आरबीएक्स ही त्याच ८०८६च्या एएक्स, बीएक्सची वाढलेली नातवंडं. म्हणजे वर सांगितलेल्या कोडच्या दारापर्यंत आपली मुलं दुसऱ्या वर्षालाच पोचलेली असतात. दार उघडून कुणी दाखवत नाही. लिहायला शिकवतात, तेही पंधरा ओळींचं. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं वाचायला एका तासालाही शिकवत नाहीत.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं तर विचारूच नका. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, आणि आता सगळ्याला एआय चिकटवलेलं. काळ्या बाइंडिंगसकट तयार प्रोजेक्ट विकत मिळतो, हे सर्वांना माहीत आहे. सादरीकरण झालं की तो कोड पुन्हा कुणी उघडत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण मंडळाने देखभालीचं काम प्रोजेक्ट म्हणून मान्य करावं. एखादं चालू, खुलं सॉफ्टवेअर घ्या. त्यातली एक जुनी तक्रार आपल्या मशीनवर घडवून दाखवा. ती पकडणारी चाचणी लिहा. अमुक ओळ तिथं का आहे हे दोन पानांत समजावा. चार मुलांचा गट आणि एक वर्ष, पुरेसं आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. जगभरच्या प्रकल्पांवर फालतू बदलांचा पूर आला, कुणी 'उत्तम' शब्द घातला, कुणी एक जागा सोडली. त्यात भारतातली मुलंही होती. आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. आपल्याकडे हजारो मुलांना 'बदल स्वीकारला तर गुण' म्हटलं तर हेच होणार, आणि आधीच थकलेल्या माणसांचं काम वाढणार. म्हणून गुण वाचण्याला आणि समजावण्याला द्या, बदल पाठवण्याला नकोत. कॉलेजच्या मार्गदर्शकाने आधी स्वतः तपासावं, त्याने सही करावी, मगच बाहेर पाठवायचं. अडचण इथंच येईल, कारण मग मार्गदर्शकालाही वाचावं लागेल.

थकलेला माणूस म्हणजे काय, ते मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिलं. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं साधन, एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळायचा. एक अनोळखी मदतनीस दोन-अडीच वर्षं गोड बोलून आत शिरला आणि चोरदार ठेवून गेला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला नसता, तर ते जगभरच्या सर्व्हरवर गेलं असतं. दुसरं उदाहरण मॅक्सिमाचं. हे लिस्पवर चालणारं गणिताचं फुकट सॉफ्टवेअर. १९८२ पासून ते विल्यम शेल्टर या प्राध्यापकांनी सांभाळलं, १९९८ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याकडून परवानगी मिळवून सर्वांसाठी खुलं केलं. २००१ मध्ये ते वारले. तोवर कोड खुला झाला होता म्हणून पुढे इतरांना तो हाती घेता आला. तीन वर्षं आधी गेले असते तर?

जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी सुरू केला. आपल्या केंद्र सरकारचं २०१५चं धोरण खुलं सॉफ्टवेअर वापरा म्हणतं. वापरा, ठीक आहे, सांभाळायचं कुणी? झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं, त्याचं कौतुकच आहे. पण एका दलालीच्या कंपनीला जे सुचतं ते सरकारला का सुचू नये? नव्या अ‍ॅपच्या उद्घाटनाची निमंत्रणं मात्र आम्हाला महिन्याला येतात.

अभ्यास मंडळावर कुणी ओळखीचे प्राध्यापक असतील तर त्यांना ही पोस्ट पाठवा. आणि एक काम करा. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा गुणांचा तक्ता कॉमेंटमध्ये टाका, कॉलेजचं नाव झाकून चालेल, जिल्हा लिहा. 'नावीन्य' या रकान्याला किती गुण आहेत, आणि जुनं दुरुस्त करण्याला एखादा तरी रकाना आहे का, याची जिल्हावार यादी करतोय.