सकाळी दहा ते रात्री दहा

युद्धाचा सिनेमा म्हटला की माझ्या कानात आधी शिट्ट्या वाजतात. १९९७ साली ‘बॉर्डर’ लागला तेव्हा मी पातूरला बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं काम आटोपून आम्ही पाच-सहा जण एसटीनं अकोल्याला गेलो, रांगेत उभं राहून तिकिटं मिळवली आणि पडद्यावर पहिला रणगाडा आला तशी सगळी टॉकीज उभी राहिली. आमच्याबरोबर शाखेचे एक पेन्शनर होते. गावात सगळे त्यांना हवालदार म्हणत. फौजेतला माणूस, त्याला आवडेल, या हौसेनं आम्हीच त्यांना आग्रह करून नेलं होतं.

मध्यंतरात पाहतो तर हवालदारांची खुर्ची रिकामी. सिनेमा सुटल्यावर ते समोरच्या चहाच्या टपरीवर सापडले, बाकड्यावर शांत बसलेले. मी विचारलं, “काय झालं, बरं वाटत नाही का?” म्हणाले, “बरं हाये जी. पन आवाज लय होता, साहेब.”

तेव्हा मला ते वयाचं गाऱ्हाणं वाटलं. त्यांचं म्हणणं समजायला मध्ये पंचवीस-तीस वर्षं जावी लागली आणि त्यासाठी एक कोरियन सिनेमा पाहावा लागला.

झालं असं की गेल्या हिवाळ्यात पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नात अकरावीत आहे. तिच्या पिढीतल्या पुष्कळ मुलींप्रमाणे तिलाही कोरियन मालिका, कोरियन गाणी यांचं वेड आहे. एका महोत्सवात जुना कोरियन युद्धपट लागला होता. आईवडिलांना वेळ नव्हता, म्हणून सोबतीला आजोबा. सिनेमाचं नाव ‘द फ्रंट लाइन’, दिग्दर्शक जांग हून, साल २०११. ऑस्करसाठी दक्षिण कोरियानं त्या वर्षी हाच पाठवला होता. मी मनातल्या मनात ठरवलं होतं की दोन तास डोळे मिटून बसू. पहिल्या दहा मिनिटांतच खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

एक टेकडी आहे. तिचं नाव ‘एरोक’. हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहून उलटं वाचलं तर ‘कोरिया’ होतं, असं नातीनंच कानात सांगितलं. ही टेकडी आज दक्षिणेची, उद्या उत्तरेची, परवा पुन्हा दक्षिणेची. सिनेमातली टेकडी कल्पित असली तरी गोष्ट कल्पित नाही. १९५२ च्या ऑक्टोबरात ‘श्वेताश्व’ नावाच्या एका खऱ्या टेकडीचा ताबा दहा दिवसांत चोवीस वेळा बदलला, असं त्या युद्धाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. पडद्यावर माणसं चिखलातून, आपल्याच मेलेल्यांवर पाय देत वर चढत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची पातूरची रेणुकामातेची टेकडी येत होती. नवरात्रात लेकरं ज्या टेकडीवर पळत चढतात, तेवढीच की ही! तेवढ्या चढणीसाठी किती माणसं लागावीत, याचा हिशेब माझ्यातला जुना बँकवाला करू लागला आणि मध्येच थांबला.

त्या टेकडीवर जमिनीत पुरलेली एक पेटी आहे. ठाणं सोडून जाताना एका बाजूचे सैनिक तिच्यात काही ठेवून जातात. दुसऱ्या बाजूचे येतात, ते काढून घेतात आणि आपलं काही ठेवतात. आधी शिव्यांच्या चिठ्ठ्या, मग दारू, सिगारेटी, आणि मग पत्रं. उत्तरेकडच्या सैनिकांची माणसं दक्षिणेत राहिलेली आहेत. आमची पत्रं तेवढी टपालात टाका, अशी विनंती शत्रूलाच. ज्याच्यावर सकाळी गोळी झाडायची, त्याच्या आईचं पत्र रात्री पोस्टात टाकायचं. या प्रसंगाला थिएटरात कोणी शिटी वाजवली नाही. माझ्या शेजारच्या तरुणाचा लाह्यांचा पुडा मांडीवर तसाच उघडा राहिला होता.

खरा घाव शेवटी आहे. २७ जुलै १९५३ ला सकाळी दहा वाजता पानमुनजोम इथे युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या, आणि करार अमलात यायचा होता रात्री दहाला. हा इतिहास आहे. सिनेमातले सैनिक सह्यांची बातमी ऐकून नाचतात, आंघोळी करतात, ओढ्यावर समोरची माणसं भेटतात तेव्हा एकमेकांना हात करून वाटेला लागतात. आणि मग वरून हुकूम येतो. बारा तास शिल्लक आहेत आणि रात्री दहाला ज्याच्या हातात जी जमीन असेल ती त्याची. चढा. पहाटेपासून धुकं होतं ते विरतं आणि माणसं पुन्हा चढू लागतात. सह्या करणारे शहाणे होते, हुकूम देणारेही हिशेबाचे पक्के होते. बँकेत आम्ही मुदत संपायच्या दिवशी कामकाजाची वेळ संपेपर्यंत व्यवहार चालू ठेवत असू, तसाच हा व्यवहार. फक्त चलन निराळं.

रात्री दहाला एका भुयारात दोन्ही बाजूंचा एकेक अधिकारी तेवढा उरतो. दक्षिणेचा उत्तरेच्याला विचारतो की आपण लढतोय कशासाठी? युद्धाच्या आरंभी ज्यानं हे कारण मोठ्या तोऱ्यात ऐकवलं होतं, तोच आता म्हणतो की पूर्वी माहीत होतं, विसरलो.

आपल्याकडे असे सिनेमे का होत नाहीत, असा तक्रारीचा सूर मला लावायचा नाही. १९६४ सालचा चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ माघारीचाच सिनेमा होता आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पण एक फरक मला जाणवतो. दक्षिण कोरियात धडधाकट तरुणाला सुमारे दीड वर्ष फौजेत काढावंच लागतं. नातीच्या लाडक्या बीटीएसची सातही मुलं अशी सक्तीची सेवा आटोपून २०२५ च्या जूनपर्यंत मोकळी झाली. तिनं त्यांच्या परतीच्या तारखा वहीत लिहून ठेवल्या होत्या! म्हणजे तिथल्या टॉकीजमध्ये बसलेल्या बहुतेक पुरुषांनी गणवेश घातलेला असतो, बायकांनी भाऊ, मुलगा धाडलेला असतो. त्यांना शिट्टी वाजवणं जमत नसावं. आमच्याकडे फौजेत जाणारी घरं ठरलेली आणि शिट्ट्या वाजवणारी घरं ठरलेली. मी दुसऱ्या घरांतला, हे कबूल केलं पाहिजे.

बाहेर आल्यावर नातीनं विचारलं, “आजोबा, आपले लोक होते का हो तिथे?”

होते ना! आणि त्यांचा सेनापती मराठी होता. युद्धबंदीनंतर सर्वांत अवघड प्रश्न उरला तो कैद्यांचा. दोन्हीकडचे मिळून बावीस हजारांहून अधिक कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायचं कोणी? जनरल थिमय्या यांच्या अध्यक्षतेखाली पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला आणि कैद्यांच्या राखणीसाठी भारताचं सुमारे सहा हजारांचं दल गेलं. त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवायची बंदी केली, तेव्हा त्यांना बोटीवरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या त्यांच्या छावणीचं नाव होतं ‘हिंद नगर’. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले. गोळीबार कधीच झाला नाही असं नाही. ऑक्टोबरच्या आरंभी दंगली झाल्या, काही कैदी मारले गेले. पण चार महिने ते दल दोन्ही बाजूंच्या शिव्या खात उभं राहिलं. ना टेकडी जिंकायची, ना झेंडा रोवायचा. याच्यावर सिनेमा कोण काढणार?

आमचे हवालदार त्या दलात होते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते शाखेत येत आणि सही झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसत. “साहेब, घरी जायाले भेनारे लोक पायले म्या,” असं एकदा म्हणाले होते. “तारेच्या पल्याड बसून सांजच्याले गानं म्हनत. आमाले एक शब्द समजे ना.” ती चाल ते गुणगुणत, आणि मी मान डोलावत पुढचं पासबुक ओढत असे.

त्या कैद्यांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांनी ना उत्तर, ना दक्षिण, ना चीन, असं तिसरंच काही मागितलं. १९५४ च्या फेब्रुवारीत ते आपल्या सैनिकांबरोबर भारतात आले. बरेच जण पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले. चोए इन-हून या कोरियन कादंबरीकाराची १९६० सालची ‘चौक’ या अर्थाच्या नावाची कादंबरी अशाच एका कैद्याची आहे. भारताकडे येणाऱ्या बोटीवरून तो समुद्रात उडी घेतो. त्या बोटीचं नाव लेखकानं ‘टागोर’ ठेवलं आहे.

कादंबरीवरून आठवलं. माझ्या पहिल्या कादंबरीत एका जवानाच्या मृत्यूचा प्रसंग आहे. परीक्षणात त्याची तारीफ झाली होती. मोठ्या अभिमानानं एक प्रत हवालदारांना दिली. महिनाभरानं त्यांनी ती कागदात गुंडाळून परत आणली. म्हणाले, “चांगलं हाये. पन तुमच्या पुस्तकात मानूस लवकर मेला जी. टाइम लागते त्याले.” मी हसलो होतो. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू, असंही म्हणालो. दुसरी आवृत्ती निघालीच नाही, तो भाग वेगळा. पण निघाली असती तरी मी ते पान बदललं नसतं. मला ते आवडत होतं. ‘फ्रंट लाइन’मध्ये गोळी लागून पडलेला एक पोरगा मरायला वेळ घेतो. त्याचे सोबती काही करू शकत नाहीत, कॅमेराही हलत नाही. अंधारात माझ्या तोंडातून “टाइम लागते” असं निघून गेलं. नातीनं वळून पाहिलं.

एका नोव्हेंबरात हवालदार आले नाहीत. डिसेंबरात त्यांचा मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज मीच भरून दिला. ‘सेवेचा तपशील’ या रकान्यात जागा थोडी असते.

सिनेमात शेवटच्या चढाईआधी धुक्यात एक गाणं आहे. एका बाजूनं कुणीतरी सुरू करतं, मग समोरून तेच गाणं ऐकू येतं. घरी आल्यावर नातीनं ते मोबाइलवर शोधून काढलं आणि फोन माझ्या कानाशी धरला. हवालदार जे गुणगुणत ते चिनी कैद्यांचं, म्हणजे हे नव्हेच, एवढं मला कळत होतं. तरी मी ते तीन वेळा ऐकलं. हवालदारांची चाल कशी होती ते काही केल्या आठवेना.