इंग्रजी संभाषणाचा तास, पण बोलायचं कधी?

2020च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला भाषाकौशल्यांसाठी स्वतंत्र क्रेडिट्स आली. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे सत्राला 15 तास. समजा, इंग्रजी ऐकण्या-बोलण्याचा कोर्स दोन क्रेडिटचा आहे आणि वर्गात 60 विद्यार्थी आहेत. एकेकानं उठून बोलायचं ठरवलं, तर प्रत्येकाला सत्रभरात जेमतेम अर्धा तास मिळेल. तोही शिक्षक पूर्ण गप्प बसले तर! जोड्या लावल्या की एक बोलतो, दुसरा ऐकतो. तोच वाटा 15 तासांपर्यंत जाऊ शकतो. गोंगाट होईल, तो चालवून घ्यावा. खरा पेच परीक्षेचा आहे. सगळे गुण लेखी पेपरलाच ठेवले, तर मुलं संवादसुद्धा पाठ करतील. तोंडी परीक्षेला मात्र 60 जणांसाठी प्रत्येकी पाच मिनिटं धरली, तरी पाच तास लागतात आणि ते वेळापत्रकात आधीच राखून ठेवावे लागतात.